बॉडी ओरिजिनल आहे का?

मराठी माणूस गोव्याला गेला की त्याच्या यादीत 'चर्च' असतंच. कुठलं, ते मात्र त्याला विचारू नये. सकाळी साडेआठला 'साउथ गोवा दर्शन'च्या बसमध्ये बसलं की मंगेशी, शांतादुर्गा, दोना पावला, मिरामार आणि संध्याकाळची मांडवीतली बोट यांच्या मध्ये कुठेतरी 'ओल्ड गोवा चर्च' लागतं. एकवचनी. प्रत्यक्षात तिथे कॅथेड्रल, बॅसिलिका, कपेलं, कॉन्व्हेंटं आणि पडक्या भिंती मिळून एक अख्खं शहर आहे. एके काळी लिस्बनशी बरोबरी सांगणारं, साथीच्या रोगांनी रिकामं झालेलं, १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत बसलेलं. पण बसच्या हिशोबात तो एक 'पॉइंट' आणि पॉइंटला वीस मिनिटं. ड्रायव्हर "बेगीन येयात हां" म्हणतो आणि स्वतः शहाळेवाल्याकडे निवांत जाऊन बसतो.

पहिली अडचण पायांची. बॉम जेझसच्या बॅसिलिकेत चपला काढाव्या लागत नाहीत. हे वाक्य मराठी माणसाला ऐकू येतं, पटत नाही. देव आत आणि आपण बुटांसकट आत, म्हणजे काहीतरी चुकतंय. मग दारातच एक छोटी सभा भरते.

"अहो, ते बघा, ते फॉरेनर बूट घालून गेले."

"त्यांचं काय सांगता वहिनी, ते बूट घालून झोपतातसुद्धा."

बहुमताने चपला निघतात. निघाल्या की पुढचा प्रश्न: राखणार कोण? देवळाबाहेर हारवाल्याकडून हार घेतला की चपला त्याच्या टेबलाखाली, हा आपला पिढीजात करार. इथे असा करार करायला दारात कोणी नाही. तेव्हा मंडळींत जो सगळ्यांत गरीब स्वभावाचा असेल, म्हणजे बहुधा जावई, त्याला पायरीवर बसवून बाकीचे आत जातात. १५९४ साली बांधायला घेतलेली, १६०५ साली पवित्र केलेली ही वास्तू. जावईबापूंच्या वाट्याला तिच्यातल्या पायऱ्या तेवढ्या येतात.

आत गेल्यावर हातांची अडचण. देवळात हातांना भरपूर कामं असतात: घंटा वाजवायची, तीर्थ घ्यायचं, कुंकू लावायचं, पेटीत नाणं टाकायचं, पुढच्याला हळूच ढकलायचं. चर्चमध्ये हात एकदम बेरोजगार होतात. घंटा आहे, पण ती वर, मनोऱ्यात. आरतीचं ताट फिरत नाही. दाराशी एका दगडी कुंडात पाणी दिसलं की काकूंचा जीव भांड्यात पडतो. ख्रिस्ती माणसं त्यात बोट बुडवून कपाळ-छाती-खांद्यांवर क्रूस काढतात. काकू उजव्या हाताचा द्रोण करतात, एक घोट घेतात आणि उरलेलं डोक्यावरून मागे फिरवतात. शेजारी उभा असलेला चर्चचा माणूस हे पाहतो आणि काही बोलत नाही. त्याने आयुष्यात याहून बरंच काही पाहिलेलं असतं. मग मंडळी बाकांवर टेकतात आणि पुढच्या बाकाखालची गुडघे टेकायची फळी ही पाय ठेवायला केलेली सोय आहे असं समजून तिच्यावर पाय सोडतात. "बघ, आपल्याकडे एवढा विचार करत नाहीत," असा अभिप्रायही मिळतो.

आणि मग येतो तो क्षण, ज्याच्यासाठी सगळे आलेले असतात. उजव्या हाताच्या कपेलात, संगमरवरी चौथऱ्यांच्या उतरंडीवर, पार उंच, चांदीची पेटी. त्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियर. मंडळी माना वर करतात, टाचा उंचावतात, एक जण मोबाइल झूम करतो. पेटीच्या काचेतून काय दिसतं ते दिसतं, म्हणजे जवळजवळ काहीच दिसत नाही. मग सांगलीचे काका गाइडच्या कानाशी लागून तो प्रश्न विचारतात. हा प्रश्न विचारल्याशिवाय आजवर एकही मराठी बस जुन्या गोव्यातून परत फिरलेली नसावी.

"बॉडी ओरिजिनल आहे का?"

गाइडचं उत्तर तयार असतं: "ओरिजिनल, साहेब, ओरिजिनल." त्यावर काका समंजसपणे हसतात. "केमिकल लावलं असणार. इजिप्तला लावायचे तसं." काकांची रसायनशास्त्राशी शेवटची भेट बारावीत झालेली असते आणि तीही फारशी सौहार्दाची नव्हती, पण केमिकल हा शब्द एकदा उच्चारला की बसमधले निम्मे लोक निश्चिंत होतात. उरलेल्या निम्म्यांना "काहीतरी शक्ती असल्याशिवाय का" हे उत्तर हवं असतं. गाइड दोन्ही बाजूंना मान डोलावतो. त्याला दोन्ही बाजूंकडून टिप घ्यायची असते.

काका हा प्रश्न विचारतात तेव्हा आपण काहीतरी आगाऊ बोललो असं त्यांना वाटतं. वास्तविक ते एका जुन्या आणि प्रतिष्ठित परंपरेत उभे आहेत. १७५९ साली पोर्तुगालने जेझुइट पाद्रींना आपल्या मुलखातून हाकललं. त्यानंतर गोव्यात कुजबुज सुरू झाली की जाताना त्यांनी संताचा देह पळवला आणि पेटीत दुसराच कोणी ठेवला. कुजबुज वाढत गेली, तेव्हा १७८२ च्या फेब्रुवारीत पेटी उघडून लोकांना देह दाखवण्यात आला: या, बघा, खात्री करून घ्या. जाहीर शवप्रदर्शनाची सुरुवात ही अशी. म्हणजे आज लाखो भाविक ज्या सोहळ्याला येतात, त्याच्या मुळाशी काकांचाच प्रश्न आहे. संशय घेणाऱ्यांचे श्रद्धाळूंवर इतके उपकार क्वचितच होतात.

मूळ हकीकत अशी. नावार प्रांतातला हा जेझुइट १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरला. पुढच्या दहा वर्षांत तो इतका हिंडला की आजच्या टूर मॅनेजरने हात टेकावेत: तामिळनाडूचा किनारा, मलाक्का, मोलुक्काची बेटं, जपान. चीनच्या दारात, सांचियान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी तो वारला. बरोबरच्या लोकांनी देहाबरोबर चुना भरला. मांस लवकर झडावं आणि हाडं परत नेता यावीत, हा साधा व्यवहारी विचार. काही आठवड्यांनी उकरलं तर देह जसाच्या तसा. तो मलाक्काला गेला, तिथे पुन्हा पुरला गेला, पुन्हा निघाला आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्याला पोहोचला. माणूस जिवंतपणी जेवढा फिरला त्याच जिद्दीने नंतरही फिरला.

आणि पुढेही, भागाभागाने. १६१४ साली उजवा हात कोपरापासून काढून रोमला पाठवण्यात आला. हजारो लोकांना बाप्तिस्मा दिलेला हात म्हणून तो तिथल्या जेझू चर्चमध्ये अजून आहे. हाताचं एक हाड मकावला गेलं. गोव्यात देह पोहोचला त्याच वर्षी दर्शनाला आलेल्या एका पोर्तुगीज बाईने भक्तीच्या भरात पायाचं बोट चावून नेलं, असं सांगतात. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या पायाची धूळ घेऊन भागतं. या बाईंचं धुळीवर भागलं नाही. गाइडने ही गोष्ट सांगितली की काकू पटकन तोंडावर पदर धरतात आणि "काय बाई एकेक!" म्हणतात. पण तिथून पुढे दिवसभर, अगदी मिरामारला भेळ खातानासुद्धा, त्या आणखी कुणाला तरी हेच सांगत असतात. त्या दिवसाचा मंगेशीचा गाभारा विसरेल, हे बोट विसरणार नाही.

ज्या संगमरवरी चौथऱ्यावर पेटी आहे तो फ्लॉरेन्सहून आलेला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याला संताच्या डोक्याखालची उशी मिळाली होती. त्या उशीची परतफेड म्हणून त्याने शिल्पकार फॉज्जिनीकडून हे सगळं घडवून घेतलं आणि जहाजाने पाठवलं. १६९८ मध्ये ते इथे उभं राहिलं. एका उशीच्या बदल्यात एवढं! लग्नात आलेल्या बेडशीटच्या बदल्यात कुकर द्यावा की डिनर सेट, यावर रात्र रात्र घालवणाऱ्या आपल्या घरांनी या ड्यूकपुढे हात जोडावेत. चांदीची पेटी मात्र इथलीच, १६३७ ची, गोव्याच्या सोनारांच्या हातची. पाहुणे संगमरवराला "वा" म्हणतात आणि सोनारांना विसरतात.

आता जी गोष्ट मराठी बसला आवर्जून सांगायला हवी, नेमकी तीच सांगितली जात नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांची फौज गोवा शहराच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. मराठ्यांनी रात्रीत जुवे बेटावरचा किल्ला घेतला. तो सोडवायला विजरई कोंद द आल्व्होर स्वतः गेला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. शहराच्या भिंती भक्कम नव्हत्या, माणसं थोडी होती. मग विजरईने काय केलं? तो बॉम जेझसमध्ये आला, संताची पेटी उघडायला लावली, आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला आणि राज्य आता तुम्हीच सांभाळा, अशी विनवणी केली. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही या प्रसंगाचं मर्म लगेच कळेल. प्रकरण अंगाशी आलं की वरिष्ठाकडे चार्ज सोपवून मोकळं व्हायचं, आणि वरिष्ठ असा निवडायचा की जो 'ही फाइल माझ्याकडे आलीच नाही' म्हणू शकणार नाही.

आणि काम झालं! मराठी फौज मागे फिरली. ती फिरली कारण औरंगजेबाचा मुलगा शहाआलम प्रचंड सैन्य घेऊन घाट उतरून कोकणात येत होता, हे इतिहासाचं म्हणणं. गोव्याने मात्र श्रेय द्यायचं त्याला दिलं. पुढे नवीन अधिकारी आला की संताकडून दंड स्वीकारण्याचा रिवाजच पडला. 'गोंयचो सायब' म्हणजे गोव्याचा साहेब, हे नाव लोकांनी संताला दिलं ते उगाच नव्हे. फाइलवर सही कोणाचीही असो, साहेब एकच. बिचाऱ्या शहाआलमच्या नावाने तिथे एक मेणबत्तीही लागत नाही.

बाहेर आल्यावर फोटो. बॅसिलिकेचा तांबडा, उघडा जांभा दगड फोटोत झकास दिसतो. "बघ, चारशे वर्षांत एकदाही रंग दिला नाही, ओरिजिनल!" काका खूश. आत नको तिथे संशय घेणारे काका बाहेर नको तिथे विश्वास टाकतात. ही इमारत तीन-साडेतीन शतकं पांढऱ्या गिलाव्यात होती. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांना ती जुनी दिसावीशी वाटली, म्हणून गिलावा खरवडून काढला गेला. म्हणजे आपण जिला अस्सल म्हणून मिठी मारतो ती अवस्था आपल्या आजोबांच्या काळातली. जांभा पाणी पितो, हे कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल; गोव्याच्या पावसात तो उघडा दगड झिजत चालला आहे आणि गिलावा परत द्या अशी मागणी खुद्द चर्चमधून झाली आहे. माझं मत विचाराल तर द्यावा. फोटो थोडे फिके येतील, इमारत टिकेल. दर्शनी भागावरचा काळा कोरीव दगड मात्र वसईहून आणलेला. त्या अर्थाने महाराष्ट्र इथे आपल्याआधी येऊन, भिंतीत बसून राहिला आहे.

रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. हे इतकं मोठं आहे की वीस मिनिटांच्या पॉइंटमध्ये बसत नाही, म्हणून मंडळी ते रस्त्यावरूनच बघतात. मनोरा एकच दिसतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि परत बांधला गेला नाही. "बिल्डर पळाला वाटतं," असं बसमधलं कोणीतरी म्हणतं. पुण्यामुंबईच्या माणसाला अर्धवट इमारतीचं दुसरं कारण सुचत नाही. टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा तर बसच्या यादीतही नाही. ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याची आता अर्धी उभी फाक उरली आहे. इराणच्या शाहने १६२४ मध्ये मारलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष या मनोऱ्याच्याच मठात आणून ठेवले होते. चारशे वर्षांनी ढिगाऱ्यात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला सुपूर्द केलं. ओरिजिनल आहे का, या प्रश्नाला इथे चक्क प्रयोगशाळेचं उत्तर मिळालं. पण इथे विचारायला काका येत नाहीत.

आणि राशोलला तर कोणीच जात नाही. तिथल्या छापखान्यात १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओवीत बांधली. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे आपण वाटले, पण मडगावपासून हाकेच्या अंतरावरच्या राशोलसाठी एकाही दर्शन-बसला स्टिअरिंग वळवावंसं वाटत नाही. तिथे शहाळेवाला नसेल बहुतेक.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की मराठी माणसाला चर्चमध्ये वावरता येत नाही. अजिबात तसं नाही. त्याला फक्त बघायला म्हणून चर्चमध्ये नेऊ नये. मागायला म्हणून न्यावं. हाच माणूस सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला बघा. ८ सप्टेंबरच्या आसपास माउंट मेरीची टेकडी गर्दीने फुलते. सध्याची इमारत १९०४ ची, पण जागा आणि तिची ख्याती कितीतरी जुनी. तिथे काकूंना गाइड लागत नाही. पायथ्याशी मेणाच्या वस्तूंची दुकानं: गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, फ्लॅट हवा असेल तर मेणाचं घर, परदेशी जायचं असेल तर मेणाचं विमान. काकू दोन्ही बाजूंनी फिरवून घर निवडतात. "याला खिडक्या कमी आहेत हो. दुसरं दाखवा." दुकानदारही मुरलेला. "मावशी, वन बीएचकेला एवढ्याच येतात." मग दहा रुपये कमी करून घेऊन काकू वर जातात, रांगेत न चुकता योग्य ठिकाणी घुसतात, घर वाहतात, हात जोडतात, नवस बोलतात आणि उतरताना चणे-खाजं घेतात. कुठल्या हाताने काय करायचं, असा प्रश्न क्षणभरही पडत नाही.

माहीमच्या सेंट मायकलला बुधवारी हेच. नोव्हेनाला नऊ बुधवार धरायचे, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी जोश्या-पाटलांना आपल्या सोळा सोमवारांइतकं पाठ असतं. तिथे भक्तांनी लिहिलेली आभाराची पत्रं वाचून दाखवतात: नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, मुलीचं जमलं. ज्याच्या दारात मागणं चालतं तिथे आपल्याला धर्म परका वाटत नाही. ज्याच्या दारात इतिहास चालतो तिथे मात्र आपण घड्याळ बघतो.

वसईचंच घ्या. किल्ल्यात छपरं उडालेली चर्चं ओळीने उभी आहेत. गोन्सालो गार्सिया इथल्याच मातीतला. १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर गेला आणि १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. त्याच्या गावच्या या भिंतींपुढे सुट्टीच्या दिवशी प्री-वेडिंगवाल्या जोडप्यांची रांग लागते. नवरा मुलगा कमानीत उभा राहून लांब कुठेतरी बघतो, मुलीचा झगा फोटोग्राफरचा पोऱ्या मागून उडवतो. "सर, जरा रॉयल बघा!" सर रॉयल बघतात.

इथल्या चर्चच्या घंटा कुठे गेल्या, हे त्या जोडप्यांनी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि घंटा देशावर गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर एक टांगली आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मरिया. भीमाशंकरालाही तशीच एक. ज्या काकूंना बॉम जेझसमध्ये घंटा वाजवता आली नाही म्हणून चुकल्यासारखं वाटलं होतं, त्या भीमाशंकराला जातात तेव्हा चर्चची घंटा हाताने कुरवाळून, दोनदा नमस्कार करून पुढे जातात. तिथे ती ओरिजिनल आहे का, असं काका विचारत नाहीत.

दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा पार पडला. त्या हिशोबाने पुढचा २०३४ च्या अखेरीस. तोवर थांबायचं कारण नाही. जुन्या गोव्याला साध्या वारी, सकाळी लवकर जा. दोना पावलाची वीस मिनिटं कापून इकडे लावा, तिथे 'एक दुजे के लिए'चं शूटिंग झालं होतं यापलीकडे गाइडला फारसं सांगायचं नसतं. आणि कृपा करून चपला घालूनच आत जा. जावयालाही बॅसिलिका बघू द्या.